खुंटीला टांगलेलीं चाकें

'व्हिंटेज' हा शब्द मूळचा द्राक्षांच्या मळ्यांतला. अमुक सालच्या हंगामाचीं द्राक्षें तोडलीं, त्यांचा रस आंबवून बाटलींत भरला, बाटलीला बूच ठोकून ती तळघराच्या अंधारांत निजविली, आणि वीस-पंचवीस वर्षें कोणीं तिला हात लावला नाहीं, म्हणजे त्या दारूची किंमत वाढते, अशी युरोपांतील रसिकांची समजूत आहे. दारूपुरती ती समजूत कितपत खरी आहे हें ठरविण्याचा आम्हांस अधिकार नाहीं व हौसहि नाहीं. परंतु हाच शब्द पुढें मोटारींस लागला, घड्याळांस लागला, आणि अलीकडे शर्यतीच्या जुन्या सायकलींस येऊन चिकटला, तेव्हां मात्र मुकाट्यानें बसणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. कारण शब्द एकटा येत नसतो. या शब्दानें आपलें तळघर बरोबर आणलें आहे. जी वस्तु चालण्याकरितां जन्मली ती न चालवितां ठेवावी, जितकी कमी वापरावी तितकी तिची थोरवी अधिक, हा दारूचा न्याय सायकलीला लावणारा एक संप्रदाय आज इटली-इंग्लंडापासून पुण्या-मुंबईपर्यंत पसरत आहे. त्या संप्रदायाशीं आमचें भांडण आहे, आणि तें उघडपणें मांडावें एवढ्याकरितांच हा लेख.

प्रथम ज्या वस्तूबद्दल बोलावयाचें ती वस्तु कोणती हें स्पष्ट केलें पाहिजे. आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं एके काळीं जी काळी, दणकट, लोखंडी दांड्यांच्या ब्रेकांची, मागें कॅरिअर आणि साखळीवर पत्र्याचें झांकण असलेली सायकल असे, ती ही नव्हे. तिच्याविषयीं पुढें बोलूं. येथें अभिप्रेत आहे ती शर्यतीची सायकल. मेंढ्याच्या शिंगांसारखें खालीं वळलेलें हँडल, बोटभर रुंदीचे टायर. मडगार्ड नाहीं, स्टँड नाहीं, घंटाहि बहुधा नाहीं. १९८० नंतरच्या दशकापर्यंत युरोपांत अशा सायकलींचा सांगाडा पोलादाच्या बारीक नळ्यांचाच होत असे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड मिलवर्ड रेनल्ड्स यानें १८९७ सालीं एका युक्तीचें पेटंट घेतलें. सांध्याजवळ नळीवर ताण अधिक पडतो, मध्यें कमी पडतो; तेव्हां नळीचा बाहेरील व्यास सर्वत्र सारखा ठेवून तिची जाडी टोंकांशीं अधिक व मध्यें कमी करावयाची, म्हणजे बळ न घटतां वजन घटतें. १९३५ सालीं त्याच्याच नांवाच्या कारखान्यानें मँगेनीज व मॉलिब्डेनम मिसळलेलें '५३१' हें पोलाद बाजारांत आणलें, आणि पुढें कित्येक दशकें शर्यतीच्या सायकलींत त्याचें नांव गाजत राहिलें. इटलींत मिलानच्या कोलोंबो घराण्याच्या 'कोलंबस' नळ्यांचा असाच लौकिक होता. या नळ्या पोलादी खोबणींत बसवून पितळाच्या किंवा रुप्याच्या डाखानें जोडीत. डाख पोलादाहून कमी उष्णतेवर वितळतो, म्हणून नळी न वितळतां सांधा जुळतो. आणि म्हणूनच अपघातांत एखादी नळी चेपली तर तो सांधा पुन्हां तापवून, ती नळी काढून, दुसरी बसवितां येते. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण आमच्या सगळ्या म्हणण्याचा पाया तीच आहे.

या सायकलीस आज तीन प्रकारचे लोक भेटतात. एक तिला भंगार समजतात, दुसरे तिला ठेव समजतात, आणि तिसरे तिला देवाची मूर्ति समजतात. तिघांचेंहि चुकतें असें आमचें म्हणणें आहे. परंतु तिघांच्या चुका सारख्या नाहींत, म्हणून एकेकाचा समाचार वेगळा घेतला पाहिजे.

भंगारवाद्यांचें म्हणणें सरळ आहे. नवी सायकल हलकी, नवी सायकल वेगवान, नव्या सायकलीचे ब्रेक बिनचूक. मग चाळीस-पन्नास वर्षांपूर्वींचें पोलाद घरांत कशाला? यांतील वेगाचा मुद्दा आम्ही वाद न घालतां मान्य करतों, कारण तो मान्य करण्याजोगा पुरावाच आहे. १९७२ सालीं मेक्सिको शहरीं एडी मर्क्स या बेल्जियन वीरानें एका तासांत ४९.४३१ किलोमीटर अंतर तोडलें. पुढें यंत्रें बदललीं, बसण्याची ढब बदलली, आणि १९९६ सालीं इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमननें तासांत ५६.३७५ किलोमीटर गांठलें. तेव्हां आंतरराष्ट्रीय सायकल-संघास प्रश्न पडला कीं, हा पराक्रम माणसाचा कीं यंत्राचा? २००० सालीं संघानें ठरविलें कीं, तासाचा विक्रम मर्क्सच्या काळच्या धर्तीच्या सायकलीवरच झाला पाहिजे. त्याच वर्षीं बोर्डमन पुन्हां उतरला, आणि त्याला ४९.४४१ किलोमीटर साधलें, म्हणजे मर्क्सपेक्षां अवघे दहा मीटर अधिक! स्वतःच्याच जुन्या आंकड्याहून तो सुमारें सात किलोमीटरांनीं मागें राहिला. वय व प्रकृति यांचा वाटा वजा केला तरी यंत्राचा वाटा मोठाच उरतो. २०१४ सालीं संघानें हा निर्बंध काढून टाकला, आणि शर्यतीच्या दृष्टीनें तें योग्यच झालें असें आम्हांस वाटतें. ज्याला पदक मिळवावयाचें आहे त्यानें नवी सायकल घ्यावी. जुन्या सायकलीच्या कैवाऱ्यांनीं तिला खोट्या वेगाचे दागिने घालण्यांत कांहीं अर्थ नाहीं.

परंतु जगांतील बहुसंख्य माणसें पदकासाठीं सायकल चालवीत नाहींत. तीं चालवितात सकाळच्या हवेसाठीं, प्रकृतीसाठीं, आनंदासाठीं. आणि त्यांच्या बाबतींत पहिला प्रश्न असा असावा कीं, ही वस्तु माझ्याजवळ किती काळ राहील व बिघडली तर कोण दुरुस्त करील? येथें नव्याची बाजू लंगडी पडते. कार्बनच्या सांगाड्यास तडा गेला तर तो सांधणारे कारागीर आहेत, पण विरळा. आणि तडा वरून दिसेलच असें नाहीं. २००९ पासून मोठ्या कारखान्यांनीं विजेरीवर चालणारे गिअर विकण्यास आरंभ केला. ते सुंदर चालतात. पण ते ज्या बॅटरीवर व ज्या संगणकी आज्ञावलीवर चालतात तिचा पुरवठा कारखान्याच्या मर्जीवर आहे. उलट १९६७ सालीं काम्पान्योलो कारखान्यानें काढलेला 'नुओवो रेकॉर्ड' गिअर घ्या: एक तार, दोन स्प्रिंगा, कांहीं खिळे आणि दोन लहान दांतेरी चाकें. तो कसा चालतो हें चौदा वर्षांच्या मुलीला पांच मिनिटांत दाखवितां येतें, आणि सहाव्या मिनिटाला ती स्वतः तो जुळवूं शकते. वस्तु आपल्याला समजणें हा तिच्या मालकीचा अर्धा भाग आहे. जी उघडतां येत नाहीं, जिच्या आंत काय चाललें आहे तें दुकानदारालाहि ठाऊक नाहीं, ती विकत घेऊनहि आपण तिचे भाडेकरूच राहतों.

आतां दुसरा पक्ष, तो आमच्या मतें अधिक घातक आहे. कारण भंगारवादी निदान उघड शत्रु आहेत, हे मित्र म्हणून घरांत येतात. या मंडळींस जुनी सायकल फार आवडते. इतकी आवडते कीं ते तिला दिवाणखान्याच्या भिंतीवर खुंट्या मारून टांगतात. उपाहारगृहाचे मालक तिला गल्ल्यामागें टांगतात, म्हणजे गिऱ्हाइकास कॉफीबरोबर थोडी अभिरुचिहि प्यावयास मिळते. कांहीं अधिक व्यवहारी असतात. ते सायकल घेतात ती भाव चढेल म्हणून, आणि सोन्याच्या बिस्किटाप्रमाणें गुंडाळून ठेवतात. 'आम्ही तिला जपलें' असें हे लोक अभिमानानें सांगतात. मराठींत एखाद्यानें अक्कल खुंटीला टांगली असें म्हणतात तेव्हां त्यानें ती जपली असा अर्थ कोणी घेत नाहीं. मग सायकलीच्या बाबतींतच तो कां घ्यावा?

हा नुसता शब्दांचा खेळ नव्हे. न चालविलेली सायकल सुरक्षित राहते ही समजूतच मुळांत खोटी आहे. पोलादाच्या नळींत अल्युमिनियमची सीटदांडी बसविलेली असते. दमट हवेंत या दोन धातूंमध्यें हळूहळू एक रासायनिक व्यवहार सुरू होतो, आणि वेळच्या वेळीं दांडी काढून वंगण लावलें नाहीं तर ती नळींत अशी घट्ट बसते कीं पुढें करवतीनें कापून काढावी लागते. चाकाच्या तुंब्यांतील वंगण वर्षानुवर्षें न हाललें तर मेणासारखें थिजतें, आणि छर्ऱ्यांना तें असून नसल्यासारखें होतें. टायरच्या रबरास भेगा पडतात. बर्मिंगहॅमचें ब्रुक्स घराणें १८६६ पासून नांवाजलेलें. त्याच्या कातडी सीटचा गुण असा कीं, बसणाऱ्याच्या शरीराप्रमाणें ती हळूहळू आकार घेते. पण त्यासाठीं कोणीं तरी तिच्यावर बसलें पाहिजे! भिंतीवर ती वाळते, आखडते, आणि फाटते. पोलादी नळीला गंज लागतो तो पुष्कळदां आंतून. बाहेरचा रंग झळझळीत, आणि आंत वाळवी लागलेल्या तुळईसारखी स्थिति. मुंबई-कोंकणच्या हवेंत हें सारें किती लवकर होतें तें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

'पण चालविली तर ती झिजेल,' असा यावर आक्षेप आहे. झिजतें काय तें नीट पाहूं. टायर झिजतात, ब्रेकचे रबर झिजतात, साखळी झिजते, तारा तुटतात, हँडलची पट्टी मळते. हे सर्व भाग झिजण्यासाठींच केलेले असून ते बदलून मिळतात. सांगाड्याची गोष्ट वेगळी. पोलादाचा गुण असा कीं, विशिष्ट मर्यादेच्या आंतला ताण तें जवळ जवळ अगणित वेळां सोसतें. नीट जोडलेला, नीट वंगण घातलेला सांगाडा रविवारीं तीस-चाळीस किलोमीटर फिरविल्यानें संपत नाहीं. तो संपतो गंजानें, आणि गंज हा चालणाऱ्याच्या मानानें टांगलेल्याचाच अधिक सोबती आहे, कारण चालणारा निदान दर आठवड्यास तिच्याकडे डोळे उघडून पाहतो.

ठेववाद्यांचा आणखी एक पोटभेद आहे, त्याच्याविषयीं सौम्य भाषा वापरणें आम्हांस कठीण जातें. संपूर्ण सायकलीपेक्षां तिचे सुटे भाग विकले तर बेरीज पुष्कळदां अधिक होते. मग चांगली, पुरी, चालती सायकल घ्यावयाची, आणि तिचे गिअर एकाला, ब्रेक दुसऱ्याला, तुंबे तिसऱ्याला विकून उघडा सांगाडा कोणा सजावटकाराच्या गळ्यांत बांधावयाचा, असा धंदा राजरोस चालतो. आपल्याकडे जुने वाडे पाडतांना कोरीव खांब निराळे, दारें निराळीं, तुळया निराळ्या विकल्या जातात, आणि मग एखाद्या हॉटेलांत तो खांब कांहींहि न पेलतां दिमाखानें उभा असलेला दिसतो. तो पाहून ज्याला हळहळ वाटते त्याला सायकलीची ही कत्तल वेगळी समजावून सांगण्याची गरज नाहीं. प्रत्येक भागाला किंमत आली, आणि एकूण वस्तूचें मोल शून्य झालें.

येथें कोणी विचारील कीं, मग संग्रहालयेंहि बंद करावयाचीं काय? मुळींच नाहीं. इटलींत कोमो सरोवराजवळ मादोन्ना देल गिसाल्लो हें एक लहानसें देऊळ आहे. १९४९ सालीं पोप बाराव्या पायस यांनीं तेथील देवतेस सायकलस्वारांची पालनकर्ती म्हणून मान्यता दिली. तेथें भिंतींवर वीरांच्या सायकली टांगलेल्या आहेत. मर्क्सची १९७२ सालची विक्रमी सायकल ब्रसेल्स शहरांत त्याच्याच नांवाच्या भुयारी रेल्वेस्थानकांत काचेआड ठेवलेली आहे. या सायकली तेथेंच शोभतात. त्या एकमेव आहेत, त्या सर्वांच्या झाल्या आहेत, आणि येणारा-जाणारा कोणीहि त्या पाहूं शकतो. आमच्या पुण्यांतहि कर्वेनगरांत जुन्या सायकलींचें एक संग्रहालय आहे, त्याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु जी सायकल कारखान्यानें शेंकड्यांनीं वा हजारांनीं केली, जिच्यावर कोणीं विक्रम केला नाहीं, आणि जी आपल्या बंद घराच्या भिंतीवर आपण व आपले चार पाहुणे यांखेरीज कोणास दिसत नाहीं, तिला 'संग्रह' म्हणणें हा संग्रहालयांचा अपमान आहे.

तिसरा पक्ष मूर्तिपूजकांचा. यांना सायकल आवडते, ते तिचा इतिहास जाणतात, आणि कांहीं जण ती चालवितातहि. म्हणून त्यांच्याशीं आमचें भांडण घरगुती आहे. त्यांचा सिद्धान्त असा कीं, सायकलीवर एकहि खिळा मुळाबाहेरचा असतां कामा नये. १९७४ सालची सायकल असेल तर ब्रेकची तारसुद्धां त्याच सालची हवी. सोंवळें इतकें कडक कीं, नवा टायर बसविला तर ते तोंड फिरवितात.

या सोंवळ्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. तूर द फ्रान्स या प्रसिद्ध शर्यतींत १९३७ पर्यंत साखळी एका दांतेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकविणाऱ्या गिअरास बंदी होती. चढ आला कीं स्वारानें खालीं उतरावें, मागचें चाक काढून उलटें बसवावें, म्हणजे दुसऱ्या बाजूचें मोठें दांतेरी चाक कामास येई. शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांस सरकत्या गिअरांत पुरुषार्थाची हानि दिसत होती! व्हिचेन्झा येथें स्वतः शर्यती खेळलेल्या तुलिओ काम्पान्योलोनें १९३३ सालीं कारखाना काढला, आणि पुढें त्याच कारखान्याचे गिअर शर्यतीच्या जगांत मानदंड ठरले. म्हणजे आज ज्या गिअराची पूजा होते तोच १९३६ सालच्या सोंवळ्या मंडळींच्या मतें भ्रष्टाकार होता. ज्या माणसांनीं त्या सायकली केल्या आणि चालविल्या, त्यांतील एकहि मूळ स्वरूपाचा भक्त नव्हता. तुटलेला भाग त्यांनीं त्याच संध्याकाळीं बदलला, आणि मिळेल तो अधिक चांगला बसविला. त्यांच्या नांवानें सोंवळें पाळणारांनीं एवढें तरी स्मरणांत ठेवावें.

शिवाय येथें जिवाचा प्रश्न आहे. अल्युमिनियमचा स्वभाव पोलादासारखा नाहीं. लहान लहान हिसक्यांचा हिशेब तो आंतल्या आंत साठवीत जातो, आणि पुष्कळ वर्षांनीं एखाद्या खड्ड्यावर अकस्मात् तुटतो. पन्नास वर्षांपूर्वींचें अल्युमिनियमचें हँडल, त्याचा पुढचा आधार व पायंडलाचे दांडे भिंग लावून तपासले पाहिजेत, आणि संशय आला तर बदलले पाहिजेत. जुने ब्रेकचे रबर दगडासारखे कडक झालेले असतात. क्रोम चढविलेल्या पोलादी रिमा पावसांत ओल्या झाल्या कीं ब्रेक दाबूनहि सायकल थांबेना, असा अनुभव जुन्या स्वारांस नेहमींचा होता. बोरघाट उतरतांना ज्याला ऐतिहासिक शुद्धता हवी असेल त्यानें ती खुशाल ठेवावी. आम्ही आपल्या मुलामुलींस नवे ब्रेक-रबर व नव्या तारा घालूनच पाठवूं. काढलेले मूळ भाग कागदांत गुंडाळून, नांव घालून, पेटींत ठेवावे. त्यानें इतिहासहि राहतो आणि माणूसहि राहतो.

हें सारें कोठें नीट साधलें आहे काय, असें विचाराल तर एक उदाहरण देतों. इटलींत सिएना शहराजवळ कियांती प्रांतांत गायोले नांवाचें गांव आहे. त्या भागांतील पांढऱ्या मातीचे जुने रस्ते डांबराखालीं नाहींसे होत होते. ते वांचावे या हेतूनें जानकार्लो ब्रोच्ची यांनीं १९९७ सालीं जुन्या सायकलींची 'लेरोइका' नांवाची फेरी सुरू केली. पहिल्या वर्षीं ९२ स्वार आले. आज देशोदेशींचे हजारों लोक तेथें जातात. नियम थोडे आणि समंजस: शर्यतीची सायकल १९८७ पूर्वीं बांधलेली हवी, गिअरांचे खटके खालच्या नळीवर हवेत, पायंडलांस पट्टे हवेत, ब्रेकच्या तारा हँडलबाहेरून गेलेल्या हव्यात. आणि न लिहिलेला पण सर्वांत महत्त्वाचा नियम असा कीं, सायकल खडीच्या रस्त्यावर चढउतार करीत चालली पाहिजे. तेथें धूळ उडते, टायर फुटतात, माणसें चढावर उतरून सायकल ढकलतात. जुन्या सायकलींनीं जुने रस्ते वांचविले. २००७ पासून तर त्याच पांढऱ्या रस्त्यांवर नव्या सायकलींची व्यावसायिक शर्यतहि होऊं लागली. तेथील डोंगरउतार द्राक्षांच्या मळ्यांचे आहेत. दारूच्या त्या माहेरींसुद्धां लोकांस कळलें कीं, बाटलीचा न्याय बाटलीपुरता ठेवावा आणि चाकें रस्त्यावर आणावीं.

आतां हा प्रश्न आमच्या वाचकांचा कसा, तें सांगतों. आमच्याकडे इटालियन शर्यतीच्या सायकली थोड्या. मुंबई-पुणें शर्यतीच्या नादानें घेतलेली एखादी, परदेशीं राहिलेल्या काकांनीं आणलेली एखादी, अलीकडे हौसेनें मागविलेल्या कांहीं. पण ती काळी दणकट सायकल मात्र घरोघर होती: रॅले, बी. एस. ए., हर्क्युलिस, हंबर. तीहि त्याच नॉटिंगहॅम-बर्मिंगहॅमच्या कारखान्यांची लेंक, किंवा त्यांच्या सहकार्यानें पुढें मद्रास-आसनसोल येथें जन्मलेली. आतां तीं मूळ घरेंहि उठलीं. नॉटिंगहॅम येथील रॅलेचें उत्पादन २००२ सालीं थांबलें. आपल्याकडील ॲटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजीं, म्हणजे नेमक्या जागतिक सायकलदिनीं, बंद पडला. करणारे हात थांबले. वस्तु मात्र अजून आहेत. अशा वेळीं त्यांचें आयुष्य एकाच गोष्टीवर अवलंबून राहतें: दुरुस्त करणाऱ्याच्या ज्ञानावर.

हें ज्ञान म्हणजे काय, त्याचा एक मासला पाहा. पायंडलांचा धुरा ज्या आडव्या नळींत बसतो तिला दोहों बाजूंस आटे असतात. इंग्रजी पद्धतींत उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेनें फिरविलें तर सुटतात. इटालियन व जुन्या फ्रेंच पद्धतींत दोन्ही बाजूंचे सरळ. इंग्रजी वाटी १.३७ इंच व्यासाची आणि इंचास २४ आट्यांची, इटालियन ३६ मिलिमीटर, फ्रेंच ३५. रॅलेनें स्वतःच्या कित्येक सायकलींस इंचामागें २६ आटे ठेवले, तो आणखी निराळा घोळ! ज्याला हें ठाऊक नाहीं तो जोरानें पान्हा फिरवील आणि दोन मिनिटांत पन्नास वर्षांचा सांगाडा निकामी करील. ज्याला ठाऊक आहे तो इंग्रजी वाटी हातांत येतांच पान्हा उलटा धरील. तसेंच मागच्या चाकाचें. पांच दांतेरी चाकांच्या काळीं चिमट्याची रुंदी १२० मिलिमीटर होती, पुढें सहा-सात आलीं तेव्हां १२६, आणि आठांपासून १३०. पोलादी चिमटा कुशल कारागीर थंड अवस्थेंतच हळूहळू फांकवून जुन्या सांगाड्यांत नवें चाक बसवूं शकतो; अल्युमिनियम वा कार्बन यांस असें करूं गेल्यास ते मोडतील. हें सारें पुस्तकांत मिळेल, परंतु जोर कोठें थांबवावयाचा हें हातालाच कळतें. आणि रोज काम आलें तरच हात शिकतो. कोपऱ्यावरचा मिस्त्री, जो स्पोकांस चिमटीनें ताण देऊन कानानें चाकाचा आऊट काढतो, तो भिंतीवरच्या सायकलींवर जगूं शकत नाहीं. दर टांगलेल्या सायकलीमागें त्याची एक दिवसाची मजुरी बुडते, आणि त्याचा मुलगा हा धंदा नको म्हणतो. मग पुढें आपण कितीहि पैसे मोजले तरी सायकल चालती करणारा मिळत नाहीं. ठेव म्हणून जपलेल्या वस्तूची किंमत ठेवणारानेंच बुडविली, हा या व्यवहाराचा शेवट आहे.

तेव्हां मालकी कशाला म्हणावें याविषयीं आमचें मत थोडक्यांत असें आहे. आपल्या उंचीला न बसणारी सायकल, मग ती कितीहि नामांकित असो, घेऊं नये. ज्याला ती बसेल त्याच्याकडे ती जाऊं द्यावी. तिचा मूळ रंग व मूळ खुणा विनाकारण खरवडून नव्या करूं नयेत. ओरखडे ही तिची जन्मपत्रिका आहे. जो बदल करावयाचा तो पुन्हां पूर्ववत् करतां येईल असा करावा. पुरी सायकल मोडून भाग विकूं नयेत. एक लहान वही ठेवून तींत आटे कोणते, रुंदी किती, वंगण कधीं बदललें, कोणता भाग कोठून आणला, हें लिहावें, आणि सायकल दुसऱ्याच्या हातीं जाईल तेव्हां वहीहि द्यावी. किंमत विचारावयाची तर नांव व साल पाहण्यापूर्वीं एवढेंच पाहावें कीं, ती आज संध्याकाळीं वीस किलोमीटर जाईल काय? जी जाईल तिला चार पैसे अधिक द्यावे. जी जाणार नाहीं तिच्यासाठीं मिस्त्रीची मजुरी आधींच वजा करावी.

ही श्रीमंतांची चैन आहे, असें कोणी म्हणेल. टांगून ठेवणें ही चैन आहे खरी. भिंत मोठी लागते. चालविण्यास एक पंप, तीन पान्हे, वंगणाची डबी आणि आठवड्याचा एक तास पुरतो. आणि हा तास घरांतील मुलांसमवेत घालविला तर त्यांना असें एक यंत्र कळतें कीं ज्याचें काहींच झांकलेलें नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशी सायकल, शर्यतीची असो वा आजोबांची काळी असो, भिंतीवर, माळ्यावर किंवा जिन्याखालीं पडून असेल, त्यांना आमची विनंति इतकीच. दिवाळीची वाट न पाहतां ती येत्या रविवारीं खालीं काढावी. प्रथम सीटदांडी फिरते काय तें पाहावें. न फिरली तर बळ करूं नये, सांध्यावर तेल सोडून दोन दिवस थांबावें. टायर व ब्रेकचे रबर नवे घ्यावे. मग ती आपल्या गल्लींतल्या मिस्त्रीकडे न्यावी, तो जी मजुरी सांगेल ती घासाघीस न करतां द्यावी, आणि येतांना सायकल हातांत धरून न आणतां तिच्यावर बसून यावें. भिंतीवर राहिलेल्या दोन खुंट्यांचें काय करावें हें ज्याचें त्यानें ठरवावें. छत्री टांगण्यास त्या उत्तम आहेत.